घरात बाळंतीण येणार आहे: सातव्या महिन्यापासून उष्टावणापर्यंत कुणी काय करायचं

आमच्याकडं पोरगी बाळंतपणाला माहेरी आली की घर माणसांनी भरून जातं. मावशी, आत्या, शेजारच्या काकू, जावा, सगळ्या येऊन बाळ बघून जातात आणि जाताना एकेक सल्ला ठेवून जातात. पाणी कमी पी. वरण खाऊ नको, बाळाचं पोट फुगेल. कान बांध. बाळ रडतंय म्हणजे दूध पुरत नाही. मग रात्री तीनला बाळ टाहो फोडतं तेव्हा त्या खोलीत ती पोरगी आणि दिवसभर राबून दमलेली तिची आई, दोघीच असतात.

मी तासगाव तालुक्यातली. माझ्या पहिल्या बाळंतपणात दवाखान्यातनं लवकर घरी सोडलं. मी बाळाला कशी पाजते हे तिथं कुणी बघितलं नाही. चौथ्या दिवशी पान्हा दाटून आला, छाती दगडासारखी झाली, बाळाला धरता येईना. स्तनाग्रांना चिरा पडल्या. बाळ तोंड लावतंय म्हटलं की मी पायाची बोटं आवळून घ्यायची. सहाव्या दिवशी घरात डब्याच्या दुधाची पावडर आली. सातव्या दिवशी आशाताई, म्हणजे गावातल्या सरकारी आरोग्यसेविका, आल्या. त्यांनी बाळाचं वजन केलं, मग माझ्याशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "पाज बघू." बाळाची फक्त मान माझ्याकडं वळलेली होती, अंग छताकडं. त्यांनी बाळाचं पोट माझ्या पोटाला लावलं, पाठीला आधार दिला, बाळानं जांभईएवढं तोंड उघडेपर्यंत थांबायला लावलं. वीसेक मिनिटं त्या तशाच बसून होत्या. तोवर मला पन्नास सल्ले मिळाले होते, पण पाजताना शेजारी बसून बघणारी ती पहिलीच बाई.

पुढं आमच्या बचत गटातल्या आम्ही चौघी-पाचजणी गावातल्या बाळंतिणींच्या घरी पाळीनं जायला लागलो. त्यातनं जे कळत गेलं ते इथं लिहिते. ज्यांच्या घरात पहिल्यांदाच बाळंतीण येणार आहे, त्या नवऱ्यासाठी, सासूसाठी, आईसाठी, नणंदेसाठी आणि शेजारणीसाठी.

सातवा महिना: डोहाळजेवणाला वही घेऊन बसा

मदत ठरवायची ती बाळ यायच्या आधी. डोहाळजेवणाला ओटी भरायला बायका येतातच. त्याच दिवशी, जेवणं झाल्यावर, वही काढा आणि कामं लिहा. रात्री बारा ते चार बाळाजवळ कोण जागणार. लंगोट आणि बाळंतिणीचे कपडे कोण धुणार. सकाळची भाकरी-भाजी कुणाच्या घरनं येणार. थोरलं पोरगं असेल तर त्याला शाळेत कोण सोडणार. दवाखान्याला अपरात्री जायचं झालं तर गाडी कुणाची, आणि ती बंद असेल तर दुसरी कुणाची. प्रत्येक कामापुढं एकच नाव आणि फोन नंबर. "आम्ही सगळ्या आहोतच की" हे वाक्य फार गोड असतं, पण त्यावर विसंबून राहिलं की ऐनवेळी कुणीच येत नाही, हे मी तीन घरांत बघितलंय.

नवऱ्याचं नाव त्या वहीत असलंच पाहिजे. बाळ माहेरी आहे म्हणून तो पाहुण्यासारखा रविवारी यायचा आणि पेढे देऊन जायचा, हे आता सोडायला हवं. लंगोट बदलणं, ढेकर काढणं, बाळाला खांद्यावर घेऊन फिरणं, यातलं काहीच बाईमाणसासाठी राखून ठेवलेलं नाही.

आता एक अडचण, जी माहेरी जाण्याच्या आपल्या पद्धतीतूनच येते. गरोदरपणाची नोंद सासरच्या गावात असते आणि बाळंतपण होतं माहेरी. सासरच्या आशाताईला वाटतं पोरगी माहेरी गेली, तिथली ताई बघेल. माहेरच्या आशाताईच्या यादीत तिचं नावच नसतं. मध्येच बाळ सुटून जातं. म्हणून सातव्या महिन्यात माहेरी आल्या-आल्या पहिलं काम म्हणजे माहेरच्या आशाताईला आणि अंगणवाडीताईंना भेटून नाव, प्रसूतीची तारीख आणि दवाखाना सांगणं. सासरच्या ताईंनाही फोन करून कळवायचं. माता-बाल संरक्षण कार्ड, आधार, बँकेचं पासबुक आणि सगळे जुने रिपोर्ट एका पिशवीत घालून ती पिशवी तिच्याबरोबरच ठेवायची, सासरच्या कपाटात नाही.

दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाताई घरी सहा वेळा येतात: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. घरी झालं तर पहिल्या दिवशीची भेट धरून सात वेळा. या घरभेटींची कल्पना गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या कामातून उभी राहिली आणि पुढं देशभर गेली. या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करून ठेवा. ताई आली नाही तर फोन करायला संकोचू नका.

पैशाचंही आधीच बघा. सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण आणि घरी सोडायची गाडी मोफत आहे, २०११ पासून. बाळ आजारी पडलं तर त्याचेही उपचार वर्षभर मोफत. पहिल्या बाळासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात, आणि दुसरं बाळ मुलगी असेल तर ६,००० रुपये एकदम. त्याला पात्रतेच्या अटी आहेत, त्या आशाताईंकडून समजून घ्या आणि अर्ज लांबवू नका. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत केली तर खर्च येत नाही.

जुलै-ऑगस्टची तारीख असेल आणि गाव कृष्णाकाठचं असेल, भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ, त्या पट्ट्यातलं, तर पोरीला पाऊस चढायच्या आधीच मिरज किंवा सांगलीत, पाणी न येणाऱ्या भागातल्या नातेवाइकांकडं नेऊन ठेवा. २०१९ आणि २०२१ चा पूर आपण बघितलाय. जतच्या पूर्व भागातल्या गावांचं दुखणं वेगळं आहे: मिरजेपर्यंत यायला दोन तासांच्या वर लागतात. तिथं वहीत गाडीचं नाव सगळ्यात वर लिहा, आणि नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग जवळात जवळ कुठं आहे हे आधी विचारून ठेवा.

दवाखाना: पहिला तास आणि चीक

बाळ जन्मल्यावर पहिल्या तासात छातीला लावायचं. कोरडं पुसून, आईच्या उघड्या छातीवर, वरनं दोघांना पांघरूण. सिझेरियन असलं तरी आई शुद्धीवर असेल तर हे जमतं, फक्त बाळाला धरायला कुणीतरी शेजारी लागतं. ती शेजारी थांबणारी बाई कोण, हे वहीत लिहून ठेवा आणि दवाखान्यात आधीच विचारा.

पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक. घट्ट, पिवळसर आणि थोडासाच. गाईच्या चिकाचा खरवस आपण आवडीनं खातो आणि आपल्याच पोरीचा चीक "घाण दूध" म्हणून पिळून टाकायला सांगतो, हे अजूनही काही घरांत चालतं. त्या चिकात बाळाला रोगापासून राखणारी द्रव्यं ठासून भरलेली असतात. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी चमचाभरच लागतं, त्यामुळं थोडा दिसला तरी तो पुरतो. थेंबही वाया घालवू नका. बाळाला छातीशी धरता येत नसेल तर वाटीत काढून चमच्यानं पाजा.

मध चाटवू नका. आजोबांच्या हातनं मध चाटवायची हौस मला कळते, पण मधात असणाऱ्या काही जिवाणूंच्या बीजाणूंमुळं वर्षाच्या आतल्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. साखरेचं पाणी, गुटी, गाईचं दूध, ग्राइप वॉटर, यातलंही काही नको. आजोबांना बाळ मांडीवर द्या, नाव कानात सांगू द्या. हौस फिटते.

तिसरा ते दहावा दिवस: सगळ्यात जास्त माणूस इथं लागतं

मदतीला एकच आठवडा येणं जमत असेल तर हाच निवडा.

पान्हा बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भरून येतो. सिझेरियन किंवा मधुमेह असेल तर एखादा दिवस उशीर होतो. त्याच सुमाराला बाईला रडू यायला लागतं, टाके दुखतात, आणि पाहुण्यांची रीघही तेव्हाच लागते. म्हणून पाहुणे आवरायला एक खमकी बाई हवी. पाचवीच्या पूजेला माणसं येणारच, येऊ द्या, पण खोलीत एका वेळी दोघी, आणि खोकला-सर्दी असलेलं कुणी नाही.

पाजताना शेजारी बसून काय बघायचं ते सांगते. बाळाचं डोकं, खांदा आणि कुल्ला एका रेषेत. बाळाचं पोट आईच्या पोटाला चिकटलेलं. बाळ छातीकडं आणायचं, आईनं वाकायचं नाही. पाठीमागं उशी द्या. बाळाचं तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी छातीला टेकलेली. स्तनाग्राभोवतीचा काळा भाग खालच्या बाजूनं जास्त तोंडात, वरनं थोडा दिसतो. गाल आत ओढले जात असतील, चुटक-चुटक आवाज येत असेल किंवा आईचा चेहरा कळवळत असेल तर धरलेलं चुकलंय. करंगळी हळूच बाळाच्या ओठाच्या कोपऱ्यातनं आत घालून सोडवा आणि परत लावा. चार वेळा लावावं लागलं तरी चालेल. चिरा पडल्या असतील तर पाजून झाल्यावर शेवटचे दोन थेंब दूध तिथंच लावून वाळू द्या. खरा इलाज मात्र धरणं सुधारण्यातच आहे, मलमात नाही.

छाती दाटली, दूध साकळलं, तर पाजणं थांबवायचं नाही. पाजायच्या आधी कोमट कापड, मग हातानं थोडं दूध काढून मऊ करायचं, मग बाळ लावायचं, आणि पाजून झाल्यावर गार कापड. दूध काढताना अंगठा वर, बोटं खाली, काळ्या भागाच्या जरा मागं. आधी छातीच्या फासळ्यांकडं दाबायचं, मग बोटं जवळ आणायची. चोळायचं नाही. एक भाग लालबुंद, कडक झाला आणि थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर. तेव्हाही बाळाला पाजणं सुरूच ठेवायचं असतं, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं.

आता ते वाक्य: "दूध पुरत नाही." हे वाक्य दाराबाहेर ठेवा. बाळ रडतं ते लंगोट ओला झाला म्हणून, उकडतंय म्हणून, नुसतं कुशीत यायचंय म्हणूनही. संध्याकाळी चार तास सारखं छातीला लागून राहणं हेही पुष्कळ बाळांचं नेहमीचं असतं. पुरतंय का हे बघायच्या दोन खुणा आहेत. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर चोवीस तासांत निदान सहा वेळा फिकट रंगाची शू. आणि वजन: पहिल्या काही दिवसांत ते थोडं उतरतं, दहा-चौदा दिवसांत जन्मावेळच्या वजनावर येतं, आणि पुढं पहिले तीन महिने रोज साधारण २५ ते ३० ग्रॅमनं वाढतं. दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजायचं. शू पुरेशी आणि वजन चढतं असेल तर दूध पुरतंय, कुणी काही म्हणो. शू कमी आणि वजन अडलेलं असेल तर मात्र वाट न बघता दाखवा.

कधीकधी वरचं दूध खरोखर द्यावं लागतं, आईच्या आजारामुळं किंवा बाळाच्या. अशा आईला एका शब्दानंही टोचू नका. तिला मदत करा: पाणी उकळून, डब्यावर लिहिलेलं माप तंतोतंत धरून, वाटी-चमच्यानं. बाटली धुणं अवघड आणि तिच्यातनं जुलाब लागायची भीती मोठी. पुराच्या वेळी निवारा केंद्रात दुधाच्या पावडरीचे डबे सरसकट वाटले जातात, ते या कारणानं धोक्याचं आहे, कारण तिथं पाणीच स्वच्छ नसतं. तिथं आडोसा, पडदा आणि बसायला जागा द्या, आया पाजतील. आणखी एक गोष्ट कळलेली बरी: दोन वर्षांखालच्या बाळांचं पावडरचं दूध, तयार बालआहार आणि दुधाच्या बाटल्या यांच्या जाहिरातीला आपल्या देशात १९९२ च्या कायद्यानं आणि २००३ च्या दुरुस्तीनं बंदी आहे. दवाखान्यात कुणी त्याचं पत्रक हातात दिलं तर का देताय असं विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

बाळ अडीच किलोच्या आतलं असेल तर कांगारूसारखं उराशी बांधून ठेवतात. हे काम आजी, बाप, आत्या कुणीही करू शकतं. आमच्या ओळखीतल्या एका आजोबांनी दिवसाचे चार-चार तास नातीला उराशी धरलं होतं, बंडीच्या आत, वरनं शाल. आई तेवढा वेळ झोपायची.

सव्वा महिना: जुनं काय ठेवायचं, काय सोडायचं

जुन्या रीतींना सरसकट नावं ठेवणारी मी नाही. सव्वा महिना बाईला कामाला जुंपायचं नाही, तिला माहेरी न्यायचं, तिच्यासाठी वेगळं रांधायचं, ही रीत शहाण्यांनीच घातली असणार. तीच तर आज मोडत चालली आहे, विशेषतः सुनेचं बाळंतपण सासरी झालं की. बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, अळिवाची खीर, डिंकाचे आणि मेथीचे लाडू, लसणाची फोडणी, सगळं द्या. पण एवढ्यावरच भागवू नका. पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात, म्हणजे जवळजवळ एक जादा जेवण. वरण, उसळ, दही, पालेभाजी, फळं, चालत असेल तर अंडी आणि मासे. वरणानं बाळाचं पोट फुगत नाही. पाणी तोडू नका. पाजायला बसली की तिच्या हाताशी तांब्या ठेवणं हे आम्ही पाळीवरच्या बाईचं पहिलं काम ठरवलंय.

खोली बंद करून निखाऱ्याची शेगडी ठेवायची नाही. त्या धुरानं बाळाची छाती भरते आणि बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू साठून जीव जाऊ शकतो. शेक हवासा वाटला तर गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून द्या. मालीशवाल्या मावशींना हलक्या हातानं मालीश करू द्या, पण नाका-कानात तेल नको, टाळू दाबणं नको, डोळ्यात काजळ नको. नाळेवर राख, हळद, तूप काही लावायचं नाही, कोरडी राहू दे, गळून पडते. गुटीचं सहाणेवर उगाळणं सहा महिने तरी बाजूला. आजीबाई रुसल्या तर त्यांना सांगा की बाळाच्या वजनाचा कागद दर महिन्याला तुम्ही वाचून दाखवायचा. मान दिला की माणूस वळतं.

लोह-फॉलिक अॅसिडची गोळी रोज एक, बाळंतपणानंतर १८० दिवस. कॅल्शियमच्या दिवसाला दोन, सहा महिने. दोन्ही एकदम घ्यायच्या नाहीत, लोहाची गोळी चहाबरोबर नाही. सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. आणायच्या कुणी आणि आठवण करायची कुणी हे वहीत लिहा. बाळाला व्हिटॅमिन डीचे थेंब डॉक्टर सांगतील तसे. अंगणवाडीतून पाजणाऱ्या आईला सहा महिने घरी न्यायचा आहार मिळतो. तो बऱ्याच घरांत सगळे मिळून खातात, तर पाळीवरच्या बाईनं तिच्या ताटात पडतोय ना हे बघावं.

एक गोष्ट लिहिताना जीव तुटतो. दुसरी मुलगी झाली की वहीतली नावं गळायला लागतात. डिंकाचे लाडू कमी होतात, माणसं भेटायला येत नाहीत, आणि "पुढच्या वेळेला" हा शब्द चौथ्याच दिवशी तिच्या कानावर पडतो. अशा घरी आम्ही मुद्दाम जास्त जातो, आणि बारशाला तर पूर्ण गट जातो.

रात्र आणि मन

दिवसाची मदत सगळ्या देतात. रात्रीचं बघा. पाजायचं काम तिचंच, पण बाळ उचलून तिच्याजवळ आणणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं, परत निजवणं दुसऱ्या कुणालाही जमतं. चोवीस तासांत एकदा तरी तिला सलग चार तास झोप मिळेल अशी पाळी लावा. दूध नीट चालू झालं, साधारण महिन्यानंतर, की एका वेळचं दूध काढून ठेवता येतं. उन्हाळा नसेल तर बाहेर चार तासांपर्यंत, फ्रिजमध्ये चार दिवस. चैत्र-वैशाखाच्या उन्हात मात्र लगेच वापरा.

पहिले दहा-बारा दिवस उगाच रडू येणं, चिडचिड होणं हे खूप जणींना होतं आणि आपोआप जातं. दोन आठवड्यांच्या पुढं टिकलं, बाळाबद्दल काही वाटेनासं झालं, बाळ झोपलेलं असतानाही झोप येईना, जेवण जाईना, "मी चांगली आई नाही" हे पुन्हा पुन्हा यायला लागलं, तर तो आजार आहे. नखरे नाहीत, बाहेरची बाधा नाही. डॉक्टरांकडं न्या. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रीही चालतो आणि मराठीत बोलता येतं. ती स्वतःला किंवा बाळाला इजा करायचं बोलली, भलतंच काही ऐकू-दिसू लागलं, तर तिला एक क्षणही एकटी सोडू नका आणि लगेच दवाखाना गाठा.

तिला विचारायचं कसं, याचं एक साधं वळण आम्ही लावून घेतलंय. "कशी आहेस?" म्हटलं की ती "बरी आहे" म्हणते. "रात्री किती झोपलीस? जेवताना ताटात काय होतं? काल कितींदा रडलीस?" असं विचारलं की बोलते. आणि हे विचारताना सासू खोलीत नको, आईसुद्धा नको.

भिंतीवर लावायचा कागद

हा मोठ्या अक्षरात लिहून बाळंतिणीच्या खोलीत चिकटवा. यातलं एकही दिसलं तर घरगुती उपाय नाही, १०८ ला फोन किंवा वहीतली गाडी.

आई: तासाभरात पॅड पूर्ण भिजेल एवढा रक्तस्राव, मोठ्या गाठी पडणं. ताप. घाण वास येणारा स्राव. टाक्यातनं पू. डोकं असह्य दुखणं, डोळ्यापुढं अंधारी, झटके. रक्तदाब बाळंतपणानंतर सहा आठवडे तरी चढू शकतो. एकाच पायाच्या पोटरीला सूज आणि ठणका. धाप लागणं, छातीत दुखणं.

बाळ: पाजायला उठत नाही, ओढत नाही. अंग गार किंवा तापलेलं. शांत असताना मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास, छाती आत ओढली जाणं. झटके. पहिल्याच दिवशी पिवळेपणा, किंवा नंतर तळहात-तळपाय पिवळे होणं. नाळेभोवती लाली, पू.

दीड महिना झाला की

४२ व्या दिवसाच्या सुमाराला दोन कामं एकाच फेरीत होतात. बाळाची दीड महिन्याची लस, आणि आईची तपासणी. दुसरं राहून जातं. रक्तदाब, हिमोग्लोबिन, टाके, आणि गरोदरपणात साखर वाढली असेल तर साखरेची तपासणी पुन्हा. दुसऱ्या बाळाचं अंतर याच वेळी बोला. सहा महिन्यांच्या आत, पाळी आलेली नसताना आणि बाळ दिवसरात्र फक्त अंगावर असताना गर्भ राहण्याची शक्यता कमी असते. यातली एक अट मोडली की दुसरं साधन हवं. अंतरा इंजेक्शन, छाया गोळ्या, तांबी, हे पाजणाऱ्या आईला चालतं आणि सरकारी दवाखान्यात मोफत आहे.

मग ती सासरी जाते आणि माहेरची वही तिथंच राहते. म्हणून पाठवणीच्या आधी सासरच्या आशाताईला फोन, आणि सासरी एक तरी नाव ठरवून. खानापूर-आटपाडीकडच्या गलाई करणाऱ्या, म्हणजे सोनं-चांदी गाळणाऱ्या, घरांतल्या पोरी तर तीन महिन्यांचं बाळ घेऊन थेट परमुलखात जातात, जिथं शेजारणीची भाषाही वेगळी. त्यांच्याबरोबर बाळाचं लसीकरणाचं कार्ड द्याच. लस देशात कुठल्याही सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. आम्ही अशा पोरींशी आठवड्याला एक व्हिडिओ कॉल ठरवतो, पाजण्याच्या वेळेला. स्क्रीनवरनंही बाळ कसं धरलंय ते पुष्कळ कळतं.

आणि दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की आपल्या शिवारात ऊसतोडीच्या टोळ्या येतात, बीडकडच्या, जतकडच्याही. तळावरच्या कोपीत दोन महिन्यांचं बाळ घेऊन आलेली बाई पहाटे फडात जाते, बाळ उसाच्या पाचटावर. तिचं नाव कुणाच्याच यादीत नसतं. तुमच्या गावाजवळ तळ पडला असेल तर एवढं करा: आशाताईला आणि अंगणवाडीताईंना घेऊन एकदा जाऊन या, बाळंतिणी आणि लहान बाळं मोजा, लसीकरणाच्या दिवशी त्यांना निरोप द्या. मुकादमाशी बोलून तिला पाजायला दर दोन-तीन तासांनी उसंत मागा. बचत गटातल्या बायका गेल्या की मुकादम ऐकतो, हा आमचा अनुभव आहे.

नोकरी करणाऱ्या आईला पहिल्या दोन बाळांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा २०१७ च्या दुरुस्तीनं मिळालीय, आणि कामावर परतल्यावर बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसात दोनदा पाजायची सुट्टी. द्राक्षबागेत रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला यातलं काही लागू होत नाही. छाटणी-डिपिंगच्या हंगामात बागायतदाराच्या बायकोशी बोलून ठेवा. बाळाला बांधावर आणायला आणि एका म्हाताऱ्या मावशीला बाळांजवळ बसवायला आमच्याकडं दोघी-तिघी तयार झाल्या.

उष्टावण

सहा महिने पुरे होईपर्यंत फक्त अंगावरचं दूध, पाणीसुद्धा नाही. उन्हाळ्यातही नाही. पुरे झाले की उष्टावण लांबवू नका, कारण आता बाळाला लोह आणि जास्तीचं अन्न लागतं. मामानं खिरीचं बोट चाटवलं की विधी झाला. खरं काम दुसऱ्या दिवशी सुरू होतं. डाळीचं पाणी आणि भाताची पेज यांनी पोट भरतं, अंग धरत नाही. चमचा तिरका केला तरी पटकन ओघळणार नाही एवढं घट्ट हवं: मऊ मुगाची खिचडी कुस्करून वर तूप, नाचणीचं सत्त्व, उकडलेला बटाटा-गाजर, केळं, अंड्याचा बलक. दोन-तीन चमच्यांपासून सुरुवात, दिवसातून दोन-तीन वेळा, हळूहळू अर्धी वाटी. वर्षभर मीठ-साखर नको. दूध दोन वर्षं आणि पुढंही चालू. आशाताई ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यातही घरी येतात, त्यांना वाटी दाखवा, किती खातं ते विचारू द्या.

उष्टावणाच्या पंगतीत बाळाच्या आईचं पान सगळ्यात आधी वाढा. नाहीतर ती सगळ्यांना वाढत राहते आणि शेवटी गार भात खाते. बाळ मामाच्या मांडीवर आहे तेवढ्यात तिला गरम जेवून घेऊ द्या.